मागच्या खोलीचं माप

शनिवार, २ सप्टेंबर

आलो एकदाचे. ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची. पुढची पानं छाती, कंबर, बाही यांनी भरलीत, मागची साठेक कोरी आहेत. कोरा कागद टाकून द्यायची मला सवय नाही, म्हणून रोजचं इथंच लिहीन म्हणते. चौथीपर्यंत शिकले. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण आकडा माझा चुकत नाही.

घर झकास आहे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर सूनबाई म्हणायची, म्हातारी कशालाच चांगलं म्हणत नाही. बंदराला लागून जुनी वखार होती, तिचे आता फ्लॅट केलेत. भिंती हातभर जाड. वरच्या तुळया तशाच ठेवून त्यांना रंग फासलाय आणि त्या रंगाचे पैसे वेगळे लावलेत. पूर्वी इथं पोती रचत, आता माणसं. लिफ्टचा खड्डा आहे, लिफ्ट यायची आहे. तोवर लाकडी जिना. दुसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या बेचाळीस, आणि प्रत्येक पायरीचा आवाज निराळा. मोजल्या, कारण मोजल्याशिवाय मला चढताच येत नाही.

हॉलमधून बंदर दिसतं. बोटी, क्रेन, दोरखंडांची गोदामं. लेक खिडकीशी असा उभा राहिला की बोटीसुद्धा त्याच्याच नावावर आहेत. माझी खोली मागची. तिची खिडकी जिन्याच्या चौकात उघडते. म्हणजे समुद्र त्यांना, पायऱ्या मला. चालेल. कोण आलं, कोण गेलं, एवढं तरी कळेल.

माझं दोन खोल्यांचं घर आणि पुढचं शिवणाचं दुकान विकून इथली पहिली रक्कम भरली. उरलेलं बँकेचं. रडले नाही. दुकान गळत होतं. कागद लेकाच्या नावाचे. वकिलाने बोट ठेवलं तिथं मीही दोन सह्या ठोकल्या.

सूनबाईला नववा लागलाय. बेचाळीस पायऱ्यांना तिने बेचाळीस शिव्या घातल्या. बाई तोंडाने तिखट आहे, पण त्या बाबतीत मी तिला काही बोलायच्या लायकीची नाही.

पडद्यांसाठी सगळं मोजून घेतलं. माझी खोली: रुंदी १० फूट २ इंच, लांबी ९ फूट. हॉल: लांबी १६ फूट. त्यांची झोपायची खोली: ११ फूट ४. दोनदा मोजलं, एकदा मोठ्याने म्हटलं, मग लिहिलं. चाळीस वर्षं असंच करत आलेय.

मंगळवार, ५ सप्टेंबर

सुतार येऊन गेला. गालफडं बसलेला, कमी बोलणारा, कामाचा माणूस. माझ्या रुंद भिंतीला कपाट आणि पलंग असे काही बसवले की दोन्हीकडे नख जाईना. पलंग सहा फूट तीन, कपाट तीन फूट अकरा. त्याच्या टेपने आणि माझ्या टेपने एकच आकडा दिला. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मला वाटतं, लेकाच्या लग्नानंतर माझी कुणी केलेली तेवढीच इज्जत.

घर दाखवणारा दलाल सहज म्हणून डोकावला. त्याला मी दात्या म्हणते, कारण आधी दात आत येतात, मग तो. म्हणाला, मावशी, या भागात घर घेतलंत, आता नुसतं बसा, भाव आपोआप वाढतोय. खालचं साखळदंडांचं दुकान जाऊन तिथं कॉफीचं झालंय. एका कपात आमच्या जुन्या गल्लीतल्या चौघांचा चहा झाला असता.

भिंतीला भिंत लागून शेजारीण आहे, चष्मेवाली, शाळेत शिकवते. बोलायला गोड. तिचा हॉल पाहिला आणि लेकाचा चेहराच पडला. केवढा तो हॉल! वखारीचं दार उघडावं तसा. लेकाने विचारलं, तुमचा फ्लॅट मोठ्या नमुन्याचा का. ती म्हणाली, छे, तुमच्याएवढाच, आम्ही फक्त आधी आलो.

सोमवार, ११ सप्टेंबर

डोकं फिरलंय.

हॉलसाठी जाड कापडाची सतरंजी शिवली, भिंत ते भिंत. आज अंथरली तर दोन इंच आखूड. सूनबाई पोटावर हात ठेवून हसली. म्हणाली, आई, आता डोळ्यांचा नंबर काढायला हवा. लेक म्हणाला, जाऊ दे गं, वय झालं तिचं. तो मला म्हणाला असता तर चाललं असतं, पण तो मी तिथं नसल्यासारखा बायकोला म्हणाला.

चाळीस वर्षांत माझ्या हातून एक कापड आखूड निघालेलं नाही. धुऊन आटलं नाही, कारण धुतलंच नाही. सतरंजी मोजली: सोळा फूट. वहीतला आकडा: सोळा फूट. मग चुकलंय कोण?

गुरुवार, १४ सप्टेंबर

मोजलं. हॉल सोळा फूट चार.

पुन्हा मोजलं. सोळा फूट चार.

मग मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. ती कुणाला सांगितलेली नाही, वहीला सांगते. कापड हवेतून येत नाही. बाही लांब निघाली तर समजायचं, घेर कुठेतरी मारला गेलाय. मी जन्मभर गिऱ्हाइकांच्या कापडातून बोट-दोन बोटं काढली. प्रत्येक ब्लाउजातून एक पट्टी. तेवढं गेलेलं कुणाला दिसत नाही, बाई आरशात बघते आणि म्हणते, मीच जरा सुटलेय. त्या पट्ट्या जोडून लेकाचे शाळेचे सदरे शिवले. लाज वाटत नाही. फक्त एवढंच की असा हात मारलेला मला लांबूनही ओळखता येतो.

मी उठले आणि माझी खोली मोजली.

९ फूट १०.

चार तिकडे, चार इकडे. मधली भिंत एकच.

सोमवार, १८ सप्टेंबर

सुताराला बोलावलं. पलंग आणि कपाट एकमेकांत असे रुतलेत की कपाटाचं दार उघडेना, कडेची फळी चिरली. पहिल्यांदा तो म्हणाला, समुद्राची हवा, लाकूड फुगतं. मी म्हटलं, फुगलेल्या लाकडाचं माप घे. घेतलं. पलंग सहा तीन, कपाट तीन अकरा, तसूभर फरक नाही. मग त्याने खोलीची रुंदी घेतली. नऊ फूट पाच. टेप मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा घेतली. 

कपाट काढून घेतलं आणि बाहेर जिन्यावर ठेवलं. मजुरी देऊ लागले तर नको म्हणाला. दारात थांबून हळूच म्हणाला, मावशी, याच माळ्यावर मागे एकदा पलंग कापून लहान करून दिला होता. एकाच पलंगासाठी तीनदा आलो होतो. चौथ्यांदा गेलो तेव्हा पलंग लागणार नाही म्हणाले.

कुणाकडे, ते सांगितलं नाही. खाली उतरताना त्याच्या पायऱ्या मोजल्या. बेचाळीस. धावत उतरला.

बुधवार, २० सप्टेंबर

आज दिवसभर माणसांशी डोकं फोडलं.

लेकाला हाताला धरून आणलं, टेपचं एक टोक त्याच्या बोटात दिलं, आकडा त्यालाच वाचायला लावला. वाचला. मला वाटलं, पटलं. मग हॉलमध्ये जाऊन त्याने तिथलं माप घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला हो! परीक्षेत नंबर आल्यावर उजळायचा तसा. त्याने दात्याला फोन लावला.

दात्या आला, नकाशा पसरला. त्याचं म्हणणं, घराचं एकूण क्षेत्रफळ कागदावर आहे तेवढंच आहे, एक फूटही कमी नाही, तेव्हा तक्रार कसली? उलट समुद्राकडचा हॉल मोठा म्हणजे भाव जास्त. मागच्या खोलीला गिऱ्हाईक विचारत नाही. मी म्हटलं, अरे, भिंत सरकतेय. तो म्हणाला, जुन्या इमारती जरा बसतात, मावशी. मी म्हटलं, बसतात खाली, आडव्या नाही. तो दात दाखवून म्हणाला, तुम्ही मोठ्या विनोदी.

सोसायटीच्या चिटणिसाकडे गेले. त्याने अर्ज लिहून मागितला. लिहिला. अक्षर लागत नाही म्हणून परत केला. सूनबाईकडून लिहून घेतला तर म्हणाला, अर्ज घरमालकाने करायचा असतो, तुमचं नाव कुठंय? सही कुठे केली होती मी, विचारलं. त्याने फायलीत बघितलं. म्हणाला, तुम्ही "मागच्या खोलीत राहणार" या रकान्यात केलीय. असा रकाना सगळ्यांच्या कागदात असतो.

संध्याकाळी लेक समजुतीने बोलायला आला. तो समजुतीने बोलतो तेव्हा मला त्याचा बाप आठवतो आणि हात शिवशिवतात. म्हणाला, आई, खरं सांग, तुला एकटीला अशी कितीशी जागा लागते?

शनिवार, २३ सप्टेंबर

खोली ८ फूट १.

दुपारी टेप पदराखाली घालून शेजारणीकडे गेले. साखर मागितली. ती आत गेली तेवढ्यात हॉल मोजला. पंचवीस फूट पाच. आमच्या नकाशाचाच फ्लॅट. म्हणजे मागची खोली किती उरली असेल, ते मला पाटीशिवाय करता येतं. नऊ इंच.

जिथं मागची खोली हवी तिथं पडदा आहे. बाजूला केला. मागे उभी फट, वीतभर रुंद, आत काळोख. तोंडाशी कापलेल्या पलंगाचा एक पाय.

ती साखर घेऊन आली तेव्हा मी पडदा धरूनच उभी. विचारलं, तुझे सासरे असायचे ना इथं, दात्या म्हणत होता. ती म्हणाली, हो, आहेत ना. मग चष्मा पुसला आणि म्हणाली, म्हणजे, होते. गावी असतात.

तेवढ्यात आत कुणीतरी खोकलं.

म्हाताऱ्या माणसाचा कोरडा खोकला, दोनदा. फटीतून नाही, भिंतीतून. तिने शांतपणे रेडिओ मोठा केला. मला साखर दिली. आणि दाराशी येऊन, अगदी घरगुती गप्पा मारतात तशी म्हणाली, हल्ली आमच्या मुलाची खोली जरा लहान वाटते, नाही? मुलगा वाढतोय ना, म्हणून.

साखर जिन्यात ओतून दिली. मुंग्या आल्या, चिटणीस बोंबलला. बोंबलू दे.

मंगळवार, २६ सप्टेंबर

मी थोरल्या बहिणीकडे निघाले होते. तिचं घर लांबच्या गावी, गळकं, पण भिंती जागेवर असतात. बॅग भरली, कात्री वर ठेवली.

सूनबाई हॉलमधूनच खुशीत म्हणाली, बरंच झालं आई, महिनाभर जाऊन या, तेवढ्यात पाळणा इथं लावून घेतो. ही खोली शांत आहे. बोटींचे भोंगे ऐकू येत नाहीत. लेकानेही मान डोलावली, म्हणाला, बाळाला अशी कितीशी जागा लागते.

तेच वाक्य.

मी बॅगेवर बसून राहिले. दिवसभर. आधी म्हातारा, मग पोरगं, असा शेजारचा हिशोब. इथं मी उठले की लगेच पाळणा. मी आहे तोवर घर माझ्यावर जगेल. कापडाचा ताका पुढ्यात असला की शिंपी दुसऱ्याला हात घालत नाही.

बॅग सोडली. सुनेला म्हटलं, माझ्या खोलीत पाळणा लावलात तर तो पाळणा खिडकीतून टाकीन. ती रडली. लेक ओरडला, की मी जागेसाठी नातवंडाशी भांडते. भांडते म्हणावं. लिहून ठेव.

रविवार, १ ऑक्टोबर

मुलगी झाली. आज घरी आणली. लाल, सुरकुतलेली, ओरडकी. माझ्यावर गेलीय म्हणतात, म्हणजे तिचं काही खरं नाही.

खोली ५ फूट ६. पलंग आता आडवा मावत नाही, उभा फिरवलाय.

सूनबाई बाळाला दाखवायला आत आली. बऱ्याच दिवसांत पाय टाकला नव्हता तिने, पोटामुळे. दारात उभी राहिली. ती काय करेल मला ठाऊक नव्हतं. तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि दोन्ही हात पसरले. दोन्हीकडे बोटं भिंतींना टेकली. म्हणाली, आई, टेप द्या.

स्वतः मोजलं. मी शिकवलं तसं, दोनदा, आणि मोठ्याने. म्हणाली, सतरंजी आखूड नव्हती ना? मी म्हटलं, नव्हती. ती म्हणाली, माझं चुकलं. पंधरा वर्षांच्या सूनपणात हे दोन शब्द पहिल्यांदा. मी म्हटलं, आता रडत बसू नकोस, दूध आटेल.

असं ठरलं. पाळणा त्यांच्या झोपायच्या खोलीत. रोज सकाळी तिने ती खोली मोजायची आणि मला आकडा सांगायचा: अकरा फूट चार. लेकाला सांगत बसायचं नाही. बाळंतपणाचं अंग ओलं आहे आणि तिच्या आईचं घर दोन दिवसांच्या वाटेवर आहे. आत्ताच निघ म्हटलं तर म्हणाली, टाके ओले आहेत, आज चढतानाच जीव गेला, त्या पायऱ्या लगेच उतरू शकत नाही, थोडे दिवस द्या. पण आकडा एका दोऱ्यानेही कमी आला तर टाके उसवले तरी चालतील, बाळ उचलायचं आणि माहेर गाठायचं. मागे वळायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सुनेला माहेरी जा म्हणाले, आणि तिने पहिल्यांदा ऐकून घेतलं.

तोवर मी इथंच. घराला चघळायला.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

खोली ३ फूट ११. पलंग बाहेर काढला. खाली अंथरूण.

त्यांची खोली ११-४.

सूनबाईने लेकाला घर विकायला तयार केलं. कसं केलं ते तिचं तिला माहीत, भांड्यांचे आवाज मी ऐकले. तो म्हणाला, ठीक, दात्या गिऱ्हाईक आणेल. भाव बरा आला तर विकू. हॉल सव्वाबावीस फूट झालाय. तो म्हणतो, सामान नीट लावलं की जागा मोठी दिसते. आईच्या पोटातून आलेला माणूस एवढा आंधळा असतो?

सोमवार, ९ ऑक्टोबर

२ फूट ४.

त्यांची ११-४.

भिंत हाताला कोमट लागते. मुकी नाही ती. पाठ टेकली की पलीकडून खोकला येतो. मी टिचकी मारते. तोही मारतो. एवढीच सोबत.

दार अर्धंच उघडतं. सूनबाई ताट आडवं करून देते, आमटी सांडते, दोघी एकमेकींना बोलतो. बरं वाटतं.

आज गिऱ्हाईक आलं. नवरा, बायको आणि — त्यांनी नवऱ्याच्या बापाला सोबत आणलं होतं. म्हातारा माझ्या दाराशी आला. खांदे सतरा इंच, डावा उतरलेला, नजरेनेच माप घेतलं. दात्या म्हणाला, ही कोठीची खोली, पण बाबांना पुरेल. म्हाताऱ्याने मला पाहिलं. हसला. विचारलं, शांत आहे ना इथं?

मला एकच वाक्य बोलायचं होतं. पळा.

मी म्हटलं, हो. शांत आहे.

घर विकलं गेलं तर बाळ सुटतं. म्हणून म्हटलं. जन्मभर कापड चोरलं, त्याचं काही वाटलं नाही. याचं वाटतंय. वाटू दे.

मंगळवार, १० ऑक्टोबर

लेकाने नाही म्हणून सांगितलं त्यांना.

भाव चांगला होता. दात्याच म्हणाला, चांगला होता. पण लेकाने आज हॉल मोजला. म्हणाला, आठवड्याला एवढी जागा वाढतेय, तर आत्ता विकणारा मूर्ख. पुढच्या महिन्यात बघू.

मी दाराच्या फटीतून ओरडले. त्याने मला पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन पावलं मागे सरला. मग दात्याला म्हणाला — मी ऐकलं — आई विश्रांती घेतेय.

मी त्या म्हाताऱ्याला खोटं बोलले ते फुकट गेलं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

१ फूट ९.

त्यांची ११-४. सूनबाई म्हणाली, आज मला चालणं जमतंय, हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या, हॉल मोठा आहे ना — आणि मग तिचं तिलाच कळलं काय बोलली ते.

म्हणाली, आई, तुम्ही आधी निघा, दारातून ओढते मी. ओढलं. डोकं येतं, खांदा येत नाही. चौकट चार दिवसांत केवढीशी झाली ते मोजायचं राहिलं माझ्याकडून. सगळं मोजलं, दार मोजलं नाही. चाळीस वर्षांत एकच माप विसरले.

तिला सांगितलं, रडू नको, शुक्रवारी निघ. टाके सुकलेत.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

१-४. उभीच आहे. बसता येत नाही. वही डोक्याशी भिंतीला धरून —

खांदे माझे पंधरा इंच. स्वतःचं माप आधीच घेतलंय. शिवणीच्या दाबाएवढी एक इंच जागा शिल्लक.

टिचकी मारली. खोकला आला नाही. पुन्हा मारली. माझ्याच उशाशी आला. अगदी —

त्यांची ११-४. उद्या जातेय ती. एक दिवस. एकच दिवस पुरव रे घरा, खा मला सावकाश.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

सकाळ. सूनबाई दाराशी. आकडा सांगत नाही.

मी म्हटलं, वाच. मोठ्याने.

अकरा फूट तीन.

दोनदा मोजलं का? तीनदा मोजलं म्हणाली. पाळणा भिंतीला टेकलाय. काल टेकत नव्हता.

म्हणजे माझ्यावर भागलं नाही याचं. एकाच वेळी दोन ताके —

उचल तिला, म्हटलं. पिशवी नको. चप्पल नको. त्याला सांगू नको. ती म्हणाली, आई, तुम्ही — फटीतून बोटं आत घातली तिने. मी धरली नाहीत. धरली असती तर ती गेली नसती. जा म्हटलं. निघ. दाराचा आवाज आला.

आता खिडकी. बोटभर उरलीय, पण ऐकू येतं. बाळ रडतंय. छान, रडू दे. पहिली पायरी. दुसरी. एक हात कठड्याला असेल, हळू उतरतेय. मी मोजते. बेचाळीस आहेत, मग रस्ता, रस्त्यावर माणसं.

अठरा. एकोणीस. भिंत छातीला —

तीस.

लेक ओरडतोय हॉलमधून, कुठे चाललीस. लांबून येतोय आवाज, मैदानातून आल्यासारखा. पोचायचा नाही तो.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. उतर गं बाई.

एक्केचाळीस.

बेचाळीस.

दाराचा आवाज यायला हवा खालच्या. आता येईल. आता —

त्रेचाळीस.

चव्वेचाळीस.

पंचे